दोन वाक्यांमधली जागा

वाचकांचे प्रश्न : मालिका आणि पडद्यावरचं नाट्य

या वेळचे सगळे प्रश्न सांगली जिल्ह्यातून आलेत आणि बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतात. पडद्यावरची माणसं हळू बोलतात, मध्येच थांबतात. ते कधी अंगावर येतं आणि कधी हात रिमोटकडे जातो, असं का होतं? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : घरी सासूबाई मराठी मालिका बघतात आणि मुलगी कोरियन, तुर्की. माणसं दोन्हीकडे नुसती एकमेकांकडे बघत बसतात. मुलीच्या मते तिच्या मालिका 'संथ' आणि आजीच्या 'ताणलेल्या'. हा फरक खरा आहे की नुसता आवडीनिवडीचा? (विश्रामबाग, सांगली)

फरक खरा आहे, पण देशादेशातला नाही. आधी हिशेब बघा. केबल टीव्हीच्या नियमानुसार तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत. म्हणजे अर्ध्या तासात २४ मिनिटं उरली. त्यातून शीर्षकगीत, 'मागील भागात' आणि 'पुढील भागात' वजा करा; नवा मजकूर २०-२२ मिनिटांचा राहतो. आठवड्याचे सहा भाग धरले तर दोन-सव्वादोन तास झाले. तुर्की मालिकेचा आठवड्याचा एकच भाग तिथल्या वाहिनीवर दोन तासांच्या पुढे जातो. भरायचा वेळ जवळपास तेवढाच, आणि तो भरायला लांबलचक नजरा नि मागं व्हायोलिन त्यांच्याकडेही असतंच. ताणणं ही काही आपली मक्तेदारी नाही. कोरियन मालिकेचा जुना साचा १६ भागांचा आहे. कुठं संपवायचं ते आधी माहीत असल्यामुळे लेखकाला पाणी घालायची गरज कमी पडते.

आपल्याकडे भागात दोन-तीन ब्रेक असतात आणि प्रत्येक ब्रेकआधी प्रेक्षकाला अडकवून ठेवावं लागतं. मग एक बातमी फुटते, खोलीतल्या सहा जणांचे चेहरे एकामागून एक येतात आणि प्रत्येकावर झूम नि 'धाडकन' आवाज. चेहऱ्याला तीन सेकंद धरले तर १८ सेकंद गेले, आणि सहाही चेहऱ्यांवर भाव एकच, धक्का. ब्रेकनंतर तेच वाक्य पुन्हा. हेच १८ सेकंद एकाच चेहऱ्यावर घालवले असते तर काय दिसलं असतं? आधी त्याला कळलेलं नाही, मग कळलं, मग 'हे मला लागलंय ते दाखवायचं नाही' असं त्यानं ठरवलं. तीन पायऱ्या.

घरच्या घरी तपासायचं तर आवाज बंद करून बघा. थांब्याच्या सुरुवातीला असलेला चेहरा आणि शेवटी असलेला चेहरा वेगळा दिसला तर दृश्य संथ आहे. तोच दिसला तर पाणी घातलंय.

सासूबाईंच्या बाजूनं एक सांगायलाच हवं. रोजची मालिका भाकऱ्या थापता थापता ऐकली जाते. नजर तव्यावर आणि कान हॉलमध्ये. तिथं बातमी दोनदा सांगणं ही सोय आहे. कानात हेडफोन घालून बघणाऱ्याला तीच सोय जाच वाटते.

प्रश्न : द्राक्षबागायतदार घरावर वेब मालिका लिहितोय. मुलगा पुण्याला कायमचा निघालाय हे वडिलांना सांगतो, तो प्रसंग सोबत पाठवतोय. 'संथ आणि जड' व्हायला हवा होता, पण वाचताना कोरडा वाटतो. (तासगाव)

तुमच्या दोन पानांतला गाभा एवढाच आहे :

मुलगा : बाबा, मी पुण्याची नोकरी पक्की केलीय. बाग कोण बघणार म्हणून तुम्ही रागवाल, पण... मला शेतीत राहायचं नाही.
वडील : (दुःखी होऊन, थोडा वेळ थांबून) म्हणजे... आजोबांनी लावलेली बाग... मी एकट्यानं सांभाळायची?

इथं दोघंही मनातलं सगळं बोलून मोकळे झालेत. मग थांब्यात उरलं काय? प्रेक्षकाला भरायला जागाच नाही. हाच मजकूर असा करून बघा :

मुलगा : सोमवारी निघतोय.
(वडील ताटातल्या बेदाण्यातल्या काड्या वेचतायत. हात थांबत नाही.)
वडील : खायचं काय करशील तिथं?
मुलगा : मेस हाय जवळ.
(वडील निवडलेली मूठ चुकून न निवडलेल्या ढिगात टाकतात. बघतात. तशीच राहू देतात.)
वडील : छाटणीला येशील न्हवं?
(मुलगा उत्तर देत नाही. ताट स्वतःकडं ओढतो आणि काड्या वेचायला लागतो.)

बोलायची वाक्यं वाचून काढायला दहा सेकंदही लागत नाहीत, पण पडद्यावर प्रसंग पाऊण मिनिटापर्यंत सहज जाईल. तीन थांबे आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं. पहिल्यात हात थांबत नाही, म्हणजे म्हाताऱ्याला याचा वास आधीच लागलाय. दुसऱ्यात तोंड जे बोलत नाही ते हात बोलून जातो. तिसरा थांबा म्हणजेच मुलाचं उत्तर.

'येशील का' न लिहिता 'येशील न्हवं' का लिहिलं तेही बघा. 'का' लावला की साधी चौकशी होते. 'न्हवं'मध्ये होकार धरून चाललेला असतो, म्हणून त्यानंतरची शांतता टोचते. आपल्या बोलीतले 'व्हय', 'की', 'न्हवं', 'बगा' हे शब्द गावरान रंग भरायला म्हणून शिंपडू नका. माणूस कशाला धरून बसलाय ते त्यांतून कळतं.

आता चुकांकडे येऊ. वाक्यात टिंबं पेरली की नट शब्द ओढतो, 'आजोबांनीऽऽ लावलेलीऽऽ' असं काहीतरी होतं. शब्द रोजच्याच वेगानं बोलायचे असतात. वाढवायची ती दोन वाक्यांमधली जागा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे थांबा कुठं पडतो याला फार महत्त्व आहे. 'ही बाग मी... विकणार नाही' असं क्रियापदाच्या आधी थांबलात तर ते टाळीचं वाक्य होतं. 'ही बाग मी विकणार नाही' एका दमात म्हणून मग गप्प बसलात तर बोलणाऱ्यालाच आपल्या बोलण्याची खात्री नाही असं वाटायला लागतं. पहिलं रंगमंचावर शोभतं, दुसरं घराच्या सोप्यावर (ओसरीवर) बसलेल्या माणसाचं आहे.

कंसात 'दुःखी होऊन' लिहू नका. दुःखाचा अभिनय होतो आणि थांबा फुकट जातो. हातांनी काय करायचं ते लिहा.

'एक पान म्हणजे एक मिनिट' हा अंदाज अशा प्रसंगांना लागू पडत नाही. पाव पानाला पाऊण मिनिट लागतंय, तेव्हा घड्याळ लावून, कृती करत मोठ्यानं वाचा आणि तो वेळ समासात लिहून ठेवा. २२ मिनिटांच्या भागात असे दोन प्रसंग पुरेत. आणि त्याच्या आधीचा प्रसंग मुद्दाम गजबजाटाचा ठेवा. तुमच्याकडे बेदाण्याचे सौदे आयते आहेत. एकावर एक पडणारे आवाज, तुटक बोली, आणि तिथून थेट ताटातल्या काड्यांवर. गोंगाटानंतरची शांतता जास्त खोल लागते.

प्रश्न : लॅपटॉपवर सेकंदाला २५ फ्रेमच्या (चित्रांच्या) टाइमलाइनवर एडिट करतो. संवादांमध्ये जागा ठेवली की रटाळ होतं आणि कापली की बातम्या वाटतात. नेमक्या किती फ्रेम ठेवायच्या? (पलूस)

नेमका आकडा मागताय तर आधी रोजच्या बोलण्याचं माप घ्या. जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा मोजलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचं सरासरी अंतर त्यात सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास आलं. जपानीत सगळ्यात कमी आणि डॅनिशमध्ये सगळ्यात जास्त, जवळपास अर्धा सेकंद. त्या दहांत मराठी नव्हती, पण आपला चहाच्या टपरीवरचा वेग डॅनिशसारखा नाही एवढं नक्की. सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे तुमच्या टाइमलाइनवर ५ फ्रेम.

तिथून वर मोजा. ५ फ्रेम म्हणजे नेहमीचं बोलणं. १२ ते १५ फ्रेमला माणूस अडखळला असं वाटतं. २५ ते ३० फ्रेम, म्हणजे सेकंद-सव्वा सेकंद गेला, की प्रेक्षक मान वर करतो, 'काहीतरी आहे' हे त्याला कळतं. ७५ फ्रेमच्या पुढं, म्हणजे तीन सेकंदांनंतर, चेहऱ्यावर किंवा हातात काहीतरी बदललंच पाहिजे, नाहीतर नट वाक्य विसरला असं वाटतं. हे आकडे कामाचे अंदाज आहेत, कायदा नाही. पण 'रटाळ' आणि 'बातम्या' यांच्यामधली तुमची अडचण बहुधा अशी असेल की सगळ्या जागा सारख्याच ठेवल्यात, प्रत्येक वाक्यानंतर २० फ्रेम. सारखे थांबे लंबकासारखे वाजतात आणि दोन मिनिटांत कान त्यांचा हिशेब ठेवणं सोडून देतो. पाच वाक्यं ५-६ फ्रेमवर पळू द्या, मग सहाव्यानंतर ६० फ्रेम ठेवा. ते ६० जड वाटतील.

बोलतो त्यालाच दाखवायचं ही सवयही सोडा. कट वाक्य संपल्यावर घेत गेलात की टेबल टेनिस होतो. लागणारा शब्द येण्याआधी ८-१० फ्रेम ऐकणाऱ्यावर जा आणि शब्द त्याच्या चेहऱ्यावर पडू दे. वरच्या तासगावच्या प्रसंगात 'सोमवारी' मुलावर आणि 'निघतोय' वडिलांच्या हातावर. थांबा बोलणाऱ्याचा नसतो, ऐकणाऱ्याचा असतो.

थांबा एकाच शॉटमध्ये असेल तर तो मधून कापता येत नाही, जंप (चित्राची उडी) दिसतो. वेग ९० टक्क्यांवर आणून ओढलात तर डोळ्यांची उघडझाप जड होते आणि माणूस आजारी दिसतो. उपाय एडिटच्या टेबलावर नाही, शूटिंगमध्ये आहे. दोघांचेही क्लोज (चेहऱ्याचे जवळून घेतलेले शॉट) संपूर्ण प्रसंगभर चालवून घ्यायला सांगा, नुसते आपापल्या वाक्यांपुरते नकोत. आणि वाक्य संपल्यावर दिग्दर्शकानं 'कट' म्हणायच्या आधी मनात पाच मोजायचे. त्या पाच सेकंदांत, सगळं संपलं असं वाटून नटाचा चेहरा सैल पडतो, तेव्हा बऱ्याचदा सगळ्यात खरं काहीतरी मिळतं.

भिंतीवरच्या घड्याळाचा शॉट घालून जागा भरू नका. प्रेक्षक वेळ बघतो आणि स्वतःचीही आठवतो.

प्रश्न : स्लो मोशनमध्ये घेतलं की प्रसंग आपोआप गंभीर होतो ना? (जत)

नाही. ५० फ्रेमनं घेऊन २५ वर दाखवलं की हालचाल निम्म्या वेगानं दिसते, पण ओठ आणि आवाज जुळत नाहीत. म्हणजे संवाद गेलाच. स्लो मोशनला पदर उडतो, धूळ उडते. माणूस विचार करत नाही.

प्रश्न : राज्य नाट्य स्पर्धेत बऱ्याच वर्षांपासून काम करतो. नुकतीच मालिकेत छोटी भूमिका मिळाली, तर दिग्दर्शक सारखा म्हणतो, 'पॉज घेऊ नका, पॉज येऊ दे.' म्हणजे करायचं काय? (सांगली)

५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी जिथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या गावातल्या नटाला रंगभूमीच्या सवयी सोडा म्हणून सांगणं जोखमीचं आहे. सोडू नका, आत ढकला.

रंगमंचावरचा थांबा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. म्हणून नट छाती भरून घेतो, मान वळवतो, एक पाऊल टाकतो आणि मग वाक्य. कॅमेरा दोन हातांवर असतो, माइक कॉलरखाली. तोच श्वास तिथं वाक्याची जाहिरात वाटतो : 'आता मी बोलणार हं.' प्रेक्षकाला थांबा घेतलेला दिसतो तो याच श्वासामुळे.

तालीम अशी करा. समोरच्याचं वाक्य संपण्याआधी, त्यातल्या नेमक्या कुठल्या शब्दावर तुम्हाला कळतं, तो शब्द संहितेत अधोरेखित करा. कळायचं तिथंच. उत्तर मात्र हातातलं काम संपल्यावर द्यायचं. काम खरं हवं : बटण लावणं, नोटा मोजणं, बशीत चहा ओतणं. नोटा खरंच मोजा. सात नोटा झाल्यावर बोलायचं ठरवलं तर थांबा आपोआप येतो आणि दर टेकला थोडा वेगळा येतो. मनात 'एक, दोन, तीन' मोजणारा नट मात्र कॅमेऱ्यात पकडला जातो, डोळे स्थिर होतात.

बशीतल्या चहाची एक गोम आहे. ओतणं, फुंकणं, पिणं कुठल्या शब्दावर ते पहिल्याच टेकला ठरवून घ्या, कारण मास्टर (सगळा प्रसंग एकत्र दाखवणारा शॉट), सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा) आणि दोन्ही क्लोज या सगळ्यांत ते तिथंच हवं. नाहीतर एडिटरला तुमचा सगळ्यात चांगला थांबा फक्त कप दुसऱ्या हातात आहे म्हणून टाकून द्यावा लागेल. आणि बशीखाली टेबलावर कापडाचा तुकडा ठेवायला सांगा. चिनी मातीचा टणत्कार वाक्यावर पडला तर डबिंग करावं लागतं, आणि डबिंगमध्ये तो थांबा पुन्हा जसाच्या तसा सापडणं कठीण.

प्रश्न : शांत प्रसंगांना पार्श्वसंगीत किती असावं? मला तर विलंबित ख्याल ऐकायची सवय आहे. एक आवर्तन पाऊण मिनिट चाललं तरी कंटाळा येत नाही, पण मालिकेतल्या पाऊण मिनिटाचा येतो. (मिरज)

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. बारा मात्रांचा विलंबित एकताल कितीही सावकाश चालला तरी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कुठं आहे ते तबला सांगत असतो. गायक फिरून येतोय, येतोय, आणि तुम्ही आधीच तिथं जाऊन उभे असता. कंटाळा येत नाही तो या वाट बघण्यामुळे. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, जिथं त्यांचं थडगं आहे, तिथल्या श्रोत्याला हे वेगळं सांगायला नको. संथ प्रसंगालाही सम लागते. प्रसंग सुरू व्हायच्या आधी प्रेक्षकाला माहीत हवं की कोणती गोष्ट बोलली जायची आहे. पत्र खिशात आहे हे आम्ही पाहिलंय. ते तो बाहेर कधी काढतो एवढंच उरलंय. मग तो पानाला चुना लावत बसला तरी चालेल. समच माहीत नसेल तर तेच पाऊण मिनिट नुसतं लांब.

संगीत समेआधी येऊ नये. बासरी आधी रडली की चेहऱ्याला करण्यासारखं काही राहत नाही. थांबा कोरडा जाऊ द्या, वाक्य किंवा नजर पडू द्या, त्यानंतर तीन-चार सेकंदांनी सूर आला तर तो माणसाच्या मागून येतो. तानपुऱ्याचा सूर प्रसंगभर खाली लावून ठेवायची हल्लीची पद्धत आम्हाला पटत नाही. खोलीचा स्वतःचा आवाज त्यात बुडतो.

प्रश्न : वाड्यात शूटिंग करतोय. संवाद चांगले ऐकू येतात, पण गप्प बसायच्या जागी आवाज एकदम 'मेल्यासारखा' होतो, कधी उलट घरघर वाढते. शिवाय रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर! (वाळवा तालुका)

पहिल्या तक्रारीचं कारण असं की संवादांमधला गोंगाट काढायला तुम्ही जागा पूर्ण कापून रिकामी ठेवलीत. कानाला खोली ऐकायची सवय लागलेली असते; ती अचानक नाहीशी झाली की प्रेक्षकाला टीव्ही बिघडल्यासारखं वाटतं. घरघर वाढते ती कॅमेऱ्यातला आवाजाचा ऑटो मोड चालू राहिल्यामुळे. कोणी बोलत नाही असं बघून तो स्वतःच आवाज वर चढवतो, आणि वाड्याची शांतता पंख्यासारखी भणभणते. ऑटो बंद करा. पातळी हातानं लावा, नेहमीचं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी, आणि मग प्रसंगभर हात लावू नका. बूम (दांडीवरचा माइक) डोक्यापासून दीड-दोन फुटांवर, फ्रेमच्या जेमतेम बाहेर.

प्रत्येक खोलीत, त्याच दिवशी, सगळी माणसं जागेवर असताना एक मिनिट खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. माणसं बाहेर गेली की खोली जास्त घुमते, म्हणून सगळ्यांनी तिथंच गप्प बसायचं. एडिटमध्ये हा आवाज प्रत्येक थांब्याखाली घाला, दोन्ही टोकांना ३-४ फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढतो). पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायचा विसरू नये म्हणून युनिटच्या गाडीची किल्ली त्यात ठेवायची, ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे. किल्लीशिवाय गाडी निघत नाही आणि घरमालकाचं दूध नासत नाही.

ट्रॅक्टरचं म्हणाल तर हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, स्पीकर लावलेल्या ट्रॉल्या थांबवणं तुमच्या हातात नाही. दोन रस्ते आहेत. थांब्याचे प्रसंग पहाटे किंवा भर दुपारी, रस्ता मोकळा असेल ते बघून लावा आणि गर्दीचे, भांडणाचे प्रसंग संध्याकाळी. किंवा ट्रॅक्टर प्रसंगातच घ्या : गाणं लांबून येतं, मोठं होतं, वडील बोलायचं थांबतात, ट्रॉली जाते, गाणं विरतं आणि मग ते दुसरंच काहीतरी बोलतात. पण ते गाणं कोणाच्या तरी मालकीचं असतं, तेव्हा शूटिंगला ट्रॅक्टर नुसता इंजिनाच्या आवाजाचा घ्या आणि गाणं तुमचं स्वतःचं घाला.

शेवटचं मिक्सिंग मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. पहाटेची गिरणी, लांबचा पंप असले खालचे सूर त्यात येतच नाहीत, आणि तुम्ही शांततेखाली मेहनतीनं लावलेला पंप प्रेक्षकाला ऐकूच जात नाही. बांगडी, चमचा, पालीची चुकचुक हे वरचे आवाज मात्र टिकतात. थांब्यात एक पुरे. दोन घातलेत की कोण काय करतंय ते बघायला नजर हलते.